डासाची जबानी घ्या, वस्तीला आरोपी करू नका



मागच्या महिन्यात आमच्या सोनगीरच्या वस्तीत बायकांची बैठक होती. मी विचारले, "तुमच्यापैकी किती जणींनी रात्री रक्त तपासून घेतले आहे?" एकही हात वर झाला नाही. मग विचारले, "काल रात्री किती जणींना डास चावले?" सगळे हात वर. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बहीन, मच्छर काय आमले इचारीसन चावस का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर वाटले, आजींनी एका वाक्यात फार मोठी गोष्ट सांगितली. तपासणीला रक्त द्यायला आपण घाबरतो, लाजतो, वेळ नाही म्हणतो. डास मात्र कोणाला विचारत नाही. तो सगळ्यांचे रक्त घेतो आणि सकाळी आपल्याच भिंतीवर, खुंटीवरच्या कपड्यांत, खाटेखाली बसून राहतो. म्हणजे वस्तीच्या रक्ताचा नमुना रोज सकाळी आपल्या घरातच असतो. प्रश्न एवढाच, की तो तपासायला कोणी येते का?

आज मला याच प्रश्नावर लिहायचे आहे.

माझी सही असलेले एक रजिस्टर

जीएनएमची पदविका घेऊन मी बारा वर्षे नोकरी केली. त्या काळात एका ठिकाणी हत्तीरोगाच्या रात्रीच्या तपासणीला पथकासोबत जात असे. ही तपासणी रात्री का करतात, हे आधी सांगते. हत्तीरोगाचे मोठे जंतू माणसाच्या लसिकावाहिन्यांत राहतात. त्यांची पिल्ले रक्तात येतात, पण दिवसा ती बोटाच्या रक्तात सहसा सापडत नाहीत. दिवसभर ती फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात. रात्र झाली, डास चावायची वेळ झाली, की ती कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून रक्त घ्यायचे ते रात्री १० ते २ या वेळेत.

आमचे पथक साडेसातला वस्तीत जायचे आणि नऊला परत निघायचे. गाडी परत पाठवायची असायची, मुक्कामाची सोय नसायची. लोकही म्हणायचे, लवकर उरका, सकाळी कामावर जायचे आहे. स्लाइडा घेतल्या जायच्या, निळ्या रंगात रंगवल्या जायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या जायच्या. सगळ्या निगेटिव्ह. रजिस्टरमध्ये नोंद झाली की ही वस्ती स्वच्छ आहे. त्या पानावर माझीही सही आहे.

दोन वर्षांनी त्याच वस्तीतला एक माणूस मला बाजूला घेऊन बोलला. त्याला हायड्रोसिल होते, म्हणजे अंडवृद्धी. कितीतरी वर्षे त्याने ते धोतराआड लपवले होते. बायकोलाही नीट सांगितले नव्हते. लोक हसतील म्हणून लग्नकार्यात जाणे सोडले होते. त्याच्या घरातल्यांची तपासणी आम्ही पुढे रात्री साडेअकराला केली. त्याच्या धाकट्या भावाच्या स्लाइडमध्ये जंतू सापडले. भावाला काहीही त्रास नव्हता. अंगावर सूज नाही, ताप नाही. रोज कामाला जाणारा धडधाकट माणूस.

या रोगाची मेख इथेच आहे. ज्याचा पाय सुजला किंवा ज्याला हायड्रोसिल झाले, त्याच्या रक्तात अनेकदा जंतू सापडतच नाहीत. आणि ज्याच्या रक्तात जंतू असतात तो वर्षानुवर्षे ठणठणीत दिसतो. डास त्याला चावतो, जंतू घेतो आणि दुसऱ्याला देतो. आमच्या स्लाइडा खोट्या नव्हत्या, त्या घेण्याची वेळ खोटी होती. त्या घरातल्या भिंतीवर बसलेला डास मात्र रात्री १२ वाजताच जेवून आला होता. त्याला कोणी विचारले असते तर दोन वर्षे आधीच कळले असते.

कीटकाकडून निदान ही नवी गोष्ट नाही

हे मी मनाचे सांगत नाही. १९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस चागास नावाच्या डॉक्टरने उलट्या बाजूने शोध लावला. आधी त्याला ढेकणासारख्या एका रक्त पिणाऱ्या किड्याच्या आतड्यात जंतू सापडला आणि मग त्या जंतूचा रोगी सापडला, दोन वर्षांची एक मुलगी. हा किडा कुठे राहतो? मातीच्या घरांच्या भिंतींच्या भेगांत. म्हणजे रोग गरिबाच्या घरात होता, आणि त्याची बातमी आधी किड्याने दिली.

पुढे १९१४ मध्ये ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने याचीच तपासणी बनवली. प्रयोगशाळेत वाढवलेले, कोणताही जंतू नसलेले स्वच्छ किडे रोग्याला चावू द्यायचे, काही आठवडे थांबायचे आणि मग किड्यांच्या आतड्यात जंतू वाढले का ते बघायचे. रोग्याच्या रक्तात जंतू इतके थोडे असतात की काचपट्टीवर दिसत नाहीत, पण किड्याच्या पोटात ते वाढतात आणि पकडले जातात. याला झेनोडायग्नोसिस म्हणतात. सोप्या भाषेत, रोग्याचे निदान किड्याच्या पोटातून.

आपल्या देशातही हे झाले आहे. बिहारमध्ये मुजफ्फरपूरला काळा आजार म्हणजे कालाझारच्या रोग्यांवर असाच अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या वालुमाश्या लोकांच्या संमतीने त्यांना चावू दिल्या. आजारी असलेल्यांपैकी आणि कालाझारनंतर अंगावर डाग उठलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांकडून माश्यांना जंतू मिळाला. पण रक्ततपासणी पॉझिटिव्ह असूनही ज्यांना काही त्रास नव्हता, त्यांच्यापैकी एकाकडूनही माश्यांना जंतू मिळाला नाही. म्हणजे औषध आधी कोणाला पोचवायचे, कोणाच्या मागे धावायचे, हे माशीने सांगितले. हत्तीरोगात नेमके उलटे आहे, तिथे धडधाकट दिसणारा माणूसच रोग पसरवतो. म्हणून प्रत्येक रोगाला त्याच्या त्याच्या किड्याकडून विचारावे लागते.

पण शरीर कोणाचे?

या इतिहासाची दुसरी बाजू मी नर्स म्हणून विसरू शकत नाही. डासाच्या अंगात हत्तीरोगाचा जंतू वाढतो हे पॅट्रिक मॅन्सन याने १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय गावी दाखवले. त्यासाठी त्याने आपला माळी हिन लो याला एका खोलीत झोपवले. त्याच्या रक्तात जंतू होते. खोलीत डास येऊ दिले, रात्रभर चावू दिले आणि सकाळी ते डास पकडून चिरले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. ते आले सत्तर वर्षांनी, १९४७ च्या सुमारास.

वीस वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस याला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. तो दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळतात. रॉसला नोबेल मिळाले. ज्याच्या अंगावर ते डास सोडले होते त्या रोग्याचे नाव हुसेन खान. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला.

मी या शास्त्रज्ञांना शिव्या द्यायला बसलेली नाही. त्यांच्या कामामुळे लाखो जीव वाचले. पण माळी कोण, रोगी कोण, साहेब कोण, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. विज्ञान आपल्याला हवेच, पण आमिष म्हणून आपले शरीर मागणारे विज्ञान नको. चांगली बातमी अशी की हत्तीरोगासाठी आता कोणाच्याही अंगावर डास सोडावा लागत नाही. जो डास आपल्याला आधीच चावून बसला आहे, तोच पकडून तपासायचा असतो.

डासाची तपासणी कशी होते

जुनी पद्धत आजही वापरतात. हिवताप विभागात कीटक समाहारक नावाचे पद असते. हा माणूस सकाळी लवकर घरात येतो. हातात विजेरी आणि काचेची तोंडाने ओढायची नळी. भिंतीवर बसलेले डास नळीत ओढून घेतो. प्रयोगशाळेत मादी वेगळी काढतात, कारण रक्त फक्त मादी पिते. मग डोके, छाती, पोट वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जंतूचे पिल्लू डासाच्या पोटातून छातीच्या स्नायूंत जाते, तिथे वाढते आणि १० ते १४ दिवसांनी सोंडेकडे येते. तेव्हा तो डास रोग देऊ शकतो.

नवी पद्धत पीसीआरची. वीस-पंचवीस डासांची एकेक पुडी करून त्यात जंतूचा डीएनए आहे का ते बघतात. पुद्दुचेरीच्या आयसीएमआरच्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्राने यावर बरेच काम केले आहे. गोचिडांच्या बाबतीतही असेच करतात. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली, तेव्हा काजूच्या बागांत जाणारे लोक आजारी पडले. तो रोग विषाणूचा आहे, पण कुठल्या जंगलात धोका आहे हे तिथल्या गोचिडी गोळा करून, तपासूनच कळते.

याचा उपयोग किती, याचे उदाहरण श्रीलंकेचे. तिथे हत्तीरोगाच्या सामुदायिक गोळ्या बंद केल्यावर लहान मुलांची रक्ततपासणी झाली. मुले पास झाली. पण गाले किनाऱ्याच्या काही भागांतले डास तपासले तेव्हा त्यांच्यात जंतूचा डीएनए निघाला. मुलांच्या रक्ताने जे सांगितले नाही ते डासांनी सांगितले. पुढे २०१६ मध्ये श्रीलंकेला हत्तीरोग निर्मूलनाचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले. आपल्या देशाने त्यासाठी २०२७ हे साल ठरवले आहे.

या तपासणीच्या मर्यादाही सांगते. डास हे सांगत नाही की रक्त कोणाचे होते. तो फक्त एवढे सांगतो की या गल्लीत कोणाच्या तरी रक्तात जंतू आहेत. डीएनए सापडलेला प्रत्येक डास रोग देईलच असे नाही. आणि दहा-वीस डास तपासून वस्ती स्वच्छ ठरवता येत नाही, शेकड्याने डास लागतात. म्हणून डासाची तपासणी रक्ताच्या तपासणीला पर्याय नाही. रक्ताची तपासणी कुठे करायची, किती निष्ठेने करायची, हे ठरवण्यासाठी ती आहे.

खानदेशात हा प्रश्न का

कोणी म्हणेल, हत्तीरोग तर विदर्भाचा. सामुदायिक औषधोपचाराच्या जिल्ह्यांच्या यादीत जळगाव आणि नंदुरबार ही आपली दोन्ही शेजारची नावे आलेली आहेत. यादी जिल्ह्याच्या हद्दीवर थांबते. माणूस थांबत नाही. आपली मुले सुरतला मागावर, साड्यांच्या कारखान्यांत जातात, सहा-आठ जण एका खोलीत राहतात. दक्षिण गुजरातेतही हा रोग जुना आहे. सोनगीर तर महामार्गावरचे गाव. दिवाळीला, लग्नाला, जयंतीला मुले घरी येतात. त्यात त्यांचा दोष काही नाही. पोटासाठी जाणाऱ्याला डास विचारून चावत नाही, आजींनी सांगितलेच आहे.

आणि घरी आल्यावर त्यांना भेटतो तो क्युलेक्स डास. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, हा घाण पाण्यात. उघडी गटार, तुंबलेला नाला, संडासाची टाकी, सांडपाण्याचे डबके. आता तुमच्या गावाचा उतार आठवून बघा. गावाचे सांडपाणी वाहत वाहत कुठे येऊन थांबते? बहुतेक गावांत ते आपल्या वस्तीच्या कडेला येऊन थांबते. वस्ती कुठे बसवायची हे आपल्या आजोबा-पणजोबांनी ठरवले नव्हते. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावला. गावाचे घाण पाणी आपल्या दारात साचू नये हाही पाण्याचाच हक्क आहे, आणि तो अजून पुरा मिळालेला नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या

पहिली मागणी. डासांची तपासणी आपल्या वस्त्यांत नियमित व्हावी. कीटक समाहारकाची पदे भरलेली असावीत आणि तो मुख्य रस्त्यावरच्या चार घरांतून परत न जाता वस्तीच्या शेवटच्या गल्लीपर्यंत यावा. कोरोनाच्या काळात धुळ्यासह जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. यंत्रे आहेत. डासांसाठी वेगळे किट आणि थोडे प्रशिक्षण लागेल. साथ संपली म्हणून ती यंत्रे झाकून ठेवू नयेत.

दुसरी मागणी. निकाल गावाला कळावा. आमच्या घरातून डास नेले, काय निघाले ते आम्हाला कधी सांगितले जात नाही. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. पण तो संपूर्ण गावाचा निकाल म्हणून लागावा, कोणत्याही घराचे, गल्लीचे किंवा वस्तीचे नाव न लावता. घरनिहाय माहिती फक्त आरोग्य कर्मचाऱ्याकडे राहावी. नाहीतर उद्या शाळेत आपल्या पोरांना 'रोगाच्या वस्तीतले' म्हणून मागच्या बाकावर बसवतील. असे होते, हे आपल्याला माहीत आहे.

तिसरी मागणी, आणि मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. डासात जंतू सापडला तर त्या दिवसापासून दोन कामे सुरू व्हावीत. एक, रात्री १० नंतर योग्य वेळी घरोघर रक्ततपासणी आणि मोफत औषध. दोन, गटाराचे काम. फवारणीची गाडी धूर सोडून गेली म्हणजे काम झाले असे होत नाही. धुराने उडणारे डास मरतात, गटारातल्या अळ्या तशाच राहतात.

काही कार्यकर्ते मला म्हणतात, "ताई, असल्या तपासण्या मागू नका, वस्तीची बदनामी होईल." त्यांची भीती खोटी नाही. पण न तपासल्याने रोग जात नाही. तो धोतराआड, पदराआड जातो. त्या माणसाची वाया गेलेली वर्षे मी बघितली आहेत. बदनामीला उत्तर गुपित ठेवणे हे नाही, माहिती आपल्या हातात घेणे हे आहे.

आपल्या हातात काय आहे

संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाईपला आजच जाळी बांधा. जुना नायलॉनचा कपडाही चालेल. घराजवळच्या डबक्यात वापरलेले तेल टाका किंवा माती भरून बुजवा. मोठ्या साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडायला आरोग्य केंद्राकडे मागा. लहान मुले मच्छरदाणीत झोपवा.

कीटक समाहारक दारात आला तर त्याला हाकलू नका. त्याची ओळख विचारा, घरात येऊ द्या, आणि निकाल कधी कळेल तेही विचारा. रात्री रक्त घ्यायला पथक आले आणि १० वाजले नसतील, तर त्यांना चहा द्या आणि बसवून ठेवा. विहारात सतरंजी टाका. "वेळेवर घ्या, मग जा," असे हात जोडून पण ठामपणे सांगा. त्या वेळी आम्हाला असे कोणी थांबवले असते, तर माझी ती सही त्या पानावर नसती.

गोळ्यांची मोहीम असेल तर गोळ्या पदरात बांधून ठेवू नका, जेवण करून कर्मचाऱ्यासमोर गिळा. दोन वर्षांखालील बाळ, गरोदर बाई आणि खूप आजारी माणूस यांनी घ्यायच्या नाहीत. गोळी घेतल्यावर ताप आला, चक्कर आली तर घाबरू नका. रक्तातले जंतू मरताना असा त्रास होतो आणि एक-दोन दिवसांत जातो. जास्त वाटले तर दवाखान्यात जा.

ज्यांचा पाय सुजला आहे त्यांनी रोज साबणाने हलक्या हाताने धुवावा, बोटांच्या बेचक्यांत कोरडा करावा, पाय उंचावर ठेवून झोपावे. हायड्रोसिलची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होते. भावांनो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हा डासाने दिलेला रोग आहे, तुमच्या चालचलनाने झालेला नाही.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे आणि २० ऑगस्टला डास दिन. आमच्या वस्तीतल्या बायकांनी ठरवले आहे की या ग्रामसभेत दोनच ओळींचा अर्ज द्यायचा. आमच्या घरातले डास तपासा आणि निकाल सांगा. आमच्या कडेचे गटार बांधा. अर्जावर पहिला अंगठा त्या आजींचा असणार आहे. तुमच्या गावातही हा अर्ज द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.